देवळाली टीव्हीवर आली, पण शूटिंग इंग्लंडात

मंडळी, आपल्या कॅम्पावर एक अख्खी टीव्ही मालिका होऊन गेलीये, हे किती जणांना माहितीये? बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट मम'. १९७४ ते १९८१, तब्बल ५६ भाग. दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा काळ, देवळालीचा तळ आणि सैनिकांची करमणूक करणारी तोफखान्याची नाटकमंडळी. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः इथे अशाच मंडळीत होते, म्हणजे माल अस्सल. पण बाहेरचं शूटिंग इंग्लंडच्या झाडीत, आणि आपल्याकडचा रंगी राम कोण? चेहऱ्याला रंग फासलेला मायकल बेट्स! माणूस जन्मला झाशीत, हिंदुस्थानीही बोलायचा, पण शेवटी सोंगच ते. तिकडे मालिका धो धो चालली. आज त्या रंगामुळेच बीबीसी ती पुन्हा दाखवायला कचरते.

इंग्रजांनी आपलं नाव आधीच वापरून घेतलं होतं म्हणा. मुदत संपलेले गोरे शिपाई इथे बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. बोटी थंडीच्या मोसमातच सुटायच्या. उन्हाळाभर काम नाही, वर ताप. त्यातून डोकं फिरलेल्याला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला तापच. तो 'डुलाली' शब्द इंग्रजीत अजून आहे.

आता उलट बाजू बघा. २०१७ च्या मे महिन्यात झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली. सातारा जिल्ह्यातला अज्या, त्याला फौजेत जायचंय, आणि शीतली. कॅम्पात ही मालिका का धरली, हे सांगायला समीक्षक नको. तोफखान्याचं स्कूल काकूलहून (ते आता पाकिस्तानात) देवळालीत आलं, तेव्हापासून इथे घराघरांत फौजी नाहीतर फौजींवर पोट असणारा. सुट्टी संपली की बॅग भरायची, फोनची वाट बघायची, हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको. मालिकेत मेलोड्रामा भरपूर होता, शेवटी शेवटी तर मी कंटाळलो. पण आमच्या शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान सुभेदार म्हणून रिटायर झाले, एक भाग चुकवायच्या नाहीत. "ती कशी बोलते बघ, आपल्यासारखी," म्हणायच्या. काकू मूळच्या कोरेगावच्या.

खरी मेख तिथे आहे. त्याआधी वर्षभर 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गातल्या आकेरीत शूट झाली, कानावर मालवणी पडली, आणि तिकडच्या काही लोकांनी अंधश्रद्धेवरून विरोधही केला. बरोबरच आहे, आपलं घर पडद्यावर दिसलं की माणूस भांडतोही हक्काने. बीबीसीच्या रंगी रामशी आपण भांडायला गेलो नाही, कारण तो आपल्याला दिसलाच नाही. आफ्रिकेतही हेच. नायजेरियात १९६८ मध्ये 'द व्हिलेज हेडमास्टर' सुरू झाली. गाव तिथलं, नट तिथले, इंग्रजीसुद्धा तिथल्या वळणाची. बाहेरून आणलेल्या कार्यक्रमांच्या गर्दीत लोकांनी ती वर्षानुवर्षं पाहिली.

आणि आपण? सातारा झालं, कोल्हापूर झालं, कोकण झालं. लॅम रोडवरची सॅनिटोरियमं, पारशी-गुजराती-सिंधी दुकानदार, भगूरहून सकाळी भाजी घेऊन येणारी माणसं, रेंजवरून येणारा तोफांचा आवाज आणि त्याने न दचकणारी पोरं. एवढा मसाला पडून आहे. कॅम्पातली ती अर्धी मराठी, अर्धी फौजी हिंदी लिहू शकेल असं पोरगं कुणाच्या ओळखीत असेल तर मला सांगा. पहिला भाग वाचायला मी तयार आहे.