सुताराच्या बाकाची कुळकथा

आलापल्लीच्या सागाला देशभर मान आहे. अहेरी तालुक्यातल्या या गावाजवळचे सहा हेक्टर जुने जंगल ‘वनवैभव’ म्हणून राखलेले आहे; 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झाले. पण असे लाकूड हाताशी असूनही इथल्याच काय, देशातल्या बहुतेक गावसुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी बाक केला नाही. त्यांचे त्यावाचून अडत नव्हते.

वखर, तिफन, नांगर, बैलगाडी ही त्यांची मुख्य कामे. असली जाड लाकडे स्वतःच्या वजनानेच जमिनीवर बसतात. बाकीचे काम पाय करतात. सुतार उकिडवा बसतो, लाकडाचे टोक ओंडक्यावर टेकवतो, टाच त्यावर दाबतो, पायाच्या बोटांनी कड धरतो आणि वाकस चालवतो. धार पायापासून चार बोटांवर उतरते, पण पाय हलत नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी कोरायचा तर दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला की पुरते. इजिप्तमध्ये रेखमिरे या वजिराच्या थडग्यातल्या, सुमारे 3,400 वर्षांपूर्वीच्या चित्रांतही सुतार बसूनच काम करताना दिसतात. करवतीखालचे लाकूड त्यांनी उभ्या खांबाला बांधले आहे. बाक तिथेही नाही.

बाकाची खरी निकड लागली ती रंध्याने. वाकसाचा घाव वरून खाली येतो आणि लाकूड जमिनीत दाबतो. रंध्याचा जोर आडवा लागतो. फळी पुढे पळू पाहते. पातळ, लांब फळी साफ करायची तर तिला खालून सपाट आधार हवा आणि पुढच्या टोकाला अडसर हवा. लोखंडी रंधे वापरणाऱ्या रोमन सुतारांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातल्या एका भित्तिचित्रात असा बाक आहे. जर्मनीतल्या साळबुर्ग या रोमन किल्ल्याच्या विहिरीत तर दुसऱ्या शतकातले लाकडी बाकच सापडले. बाक कसले, जाड फळीला तिरपे ठोकलेले चार पाय. उंची गुडघ्याएवढी. सुतार त्यावर मांड ठोकून बसायचा आणि मांड्यांखाली लाकूड दाबायचा. म्हणजे सुतार जमिनीवरून उठला तरी धरण्याचे काम अजून अंगाकडेच होते.

ते काम लोखंडाने आणि आट्यांनी पुढे उचलले. न्यूरेंबर्गच्या 1505 च्या एका सचित्र हस्तलिखितात बाकाला शिकंजा बसवलेला दिसतो. पॅरिसचा सुतार आंद्रे रुबो याने 1769 पासून आपल्या धंद्यावरचा ग्रंथ खंडाखंडाने छापला आणि त्यात उभ्याने काम करायच्या भक्कम बाकाची मापे दिली. अमेरिकी सुतार-लेखक ख्रिस्तोफर श्वार्झ यांच्या 2007 मधल्या पुस्तकामुळे रुबोचा बाक पुन्हा घरोघरच्या हौशी कारखान्यांत पोहोचला.

आपल्याकडे उंच बाक रुळला तो रेल्वेचे कारखाने आणि तंत्रशाळांतून. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली, तेव्हा मुलांना शिकवायच्या हस्तोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही होते. 1950 च्या सरकारी प्रशिक्षण योजनेनंतर आयटीआयमध्ये सुतारकामाचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून शिकंजा लावलेल्या बाकापाशी उभा राहू लागला.

आज आलापल्लीत घरच्या कामासाठी बाक करायचा तर पहिला प्रश्न लाकडाचा. साग पावसाळ्यात फारसा फुगत नाही, उन्हाळ्यात वाकत नाही. वरच्या फळीला तो उत्तम. त्यातल्या सिलिकामुळे हत्यारांची धार मात्र लवकर जाते. शिवाय बाकाला वजन लागते, नाहीतर रंध्याच्या रेट्याने तोच सरकतो. म्हणून पायांना सागाहून जड ऐन किंवा बाभूळ बरी. सागाच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. तेव्हा पायाच्या डोक्याला कुसू काढावे, फळीत त्याच्या मापाचे आरपार भोक पाडावे आणि वरून पाचर ठोकावी. सागवान डेपोच्या लिलावातले किंवा परवानाधारक वखारीतले असावे, पावतीसह.

उंची ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे. सरळ उभे राहून हात सोडावा. करंगळी पंजाला मिळते तिथे फळीचा माथा यावा. बसून काम करायची सवय असेल तर गुडघ्याएवढाच बाक करावा, तो कमी लाकडात होतो. पॉलिश लावू नये. गुळगुळीत माथ्यावर फळी घसरते. जवसाच्या तेलाचा एक हात पुरे.