जात्यावरच्या ओव्या: गावातल्या माणसांनी जपलेला मौखिक इतिहास

पहाटे दळण दळताना बायका जी गाणी म्हणत, ती जात्यावरची ओवी. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, शेती, सासुरवास असे सारे विषय तिच्यात येतात. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मागे पडली. ओवी दळणाच्या लयीवर चालते. त्यामुळे जात्याबरोबर ती म्हणण्याचा रोजचा प्रसंगही गेला आणि ओव्या केवळ वयस्कर बायकांच्या आठवणीत उरल्या.

संग्रह कसा उभा राहिला?

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात हे काम सुरू केले. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू होते. त्या कामाशी जोडलेल्या गावातल्या कार्यकर्त्यांनी ओव्या गोळा करून लिहून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदींची जोड मिळाली. आज या संग्रहात १,००० हून अधिक गावांतील ३,००० हून अधिक गायिकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या.

गावातलीच व्यक्ती का?

सासूविषयीची किंवा नवऱ्याच्या मारहाणीची ओवी अनोळखी माणसापुढे सहसा निघत नाही. बोलीतले शब्द, शेताची नावे, नात्यांचे संदर्भ स्थानिक माणसाला लगेच कळतात. मात्र ओळखीची अडचणही होते. सासऱ्यासमोर सून गात नाही. एका वस्तीतला कार्यकर्ता दुसऱ्या वस्तीत गेला, तर जातीचे अंतर आड येऊ शकते. म्हणून कोण कोणाकडे जाणार, हे आधीच ठरवावे लागते.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

• संमती: नोंद कशासाठी आहे आणि ती कोण ऐकणार, हे सांगूनच परवानगी घेणे. नाव द्यायचे की नाही, हे गायिकेने ठरवायचे.
• प्रश्न: ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न टाळणे. ‘ही ओवी कोणाकडून शिकलात?’ असे विचारून मग गप्प राहून ऐकणे.
• ध्वनिमुद्रण: सुरुवातीला गाव, तारीख आणि गायिकेने मान्य केल्यास तिचे नाव बोलून घेणे. शक्य असेल तर जात्याचा खुंटा हाती धरूनच गायला सांगणे, कारण हात फिरू लागला की विसरलेल्या ओव्याही आठवतात.
• लेखन: बोली जशीच्या तशी लिहिणे. ‘व्हता’चे ‘होता’ केले की उच्चार जातो आणि लयही बिघडते.
• जतन: मुद्रणाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि एक प्रत गायिकेच्या घरी देणे.

मर्यादा

ओवी हा घटनांचा काटेकोर पुरावा नसतो. एकच ओवी अनेक गावांत थोड्या फरकाने सापडते. त्यातला कोणताही पाठ ‘चुकीचा’ म्हणून वगळू नये. प्रत्येक पाठ गायिकेच्या नावागावासह स्वतंत्र नोंदवला, तरच पुढच्या वाचकाला कळते, की एकाच दुःखाला कोणत्या बाईने कोणते शब्द दिले.