बारा शिलिंगांत वर्षभराचे अन्न : आल्फ्रेड वॉलेस आणि सागूची बेटे

एका माणसाला वर्षभर पुरेल एवढे अन्न किती पैशांत मिळावे? आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गसंशोधकाने १८५९-६० च्या सुमारास मोलुक्का द्वीपसमूहातील सेराम बेटावर हा हिशेब मांडला. उत्तर आले सुमारे १२ शिलिंग. या हिशेबात एक नोंद राहून गेली आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आधी हा माणूस. १८२३ साली जन्मलेल्या वॉलेसने चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडली आणि पुढे भूमापनाचे काम केले. डार्विनच्या पाठीशी घरची संपत्ती होती. वॉलेसला प्रत्येक प्रवासाचा खर्च स्वतःच उभा करावा लागे. पक्षी आणि कीटक गोळा करायचे, ते लंडनला सॅम्युअल स्टीव्हन्स या दलालाकडे पाठवायचे आणि विक्रीतून आलेल्या पैशावर पुढचे बेट गाठायचे, असा त्याचा व्यवसाय होता. ॲमेझॉनमधून परतताना १८५२ साली त्याचे जहाज भर समुद्रात जळाले आणि जवळचा सारा संग्रह नष्ट झाला. स्टीव्हन्सने उतरवलेल्या २०० पौंडांच्या विम्याने तो तरला. अशा माणसाला पैसा जपून खर्च करण्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही.

१८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला उतरला आणि १८६२ पर्यंत मलय द्वीपसमूहातच फिरत राहिला. आठ वर्षांत सुमारे १४,००० मैलांचा प्रवास झाला आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने जमले. या प्रवासावरचे त्याचे ‘द मलय आर्किपेलॅगो’ हे पुस्तक १८६९ साली निघाले. ते ओरांगउटान आणि स्वर्गीय पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण लक्ष देऊन वाचले तर पानोपानी स्वयंपाक दिसतो. कुठे कोंबडी मिळते, कुठे मासे मिळत नाहीत, कोणत्या गावी भाजी कशी करून घेतली, याच्या नोंदी त्याने पाखरांच्या नोंदींइतक्याच काळजीने ठेवल्या.

त्याची पहिली मोठी खाद्यक्रांती डुरियन या फळाने घडवली. मलाक्कात त्याच्या उग्र दर्पाने तो दूर पळाला होता. पुढे बोर्निओत एक पिकलेले फळ जमिनीवर पडलेले सापडले, ते त्याने उघड्यावर बसून खाल्ले आणि तेव्हापासून तो त्याचा कट्टर भक्त झाला. घरात कोंडलेला वास आणि मोकळ्या हवेतला वास यांतला फरक फणस फोडणाऱ्या कोकणी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आंबोन बेटावर त्याला खरे ब्रेडफ्रूट मिळाले. कोकण-गोव्यात ज्याचे काप तळतात तो नीरफणस हाच. आंबोनला तो अख्खाच निखाऱ्यांत भाजत आणि आतला गर चमच्याने काढून खात. मांसाच्या रश्शासोबत भाजी म्हणून तो चाले आणि साखर-दुधासोबत गोड पदार्थ म्हणूनही. वॉलेसच्या मते तोडीस तोड दुसरी भाजी त्याला ठाऊक नव्हती. मग असे फळ जगभर का पसरले नाही? कारण त्याने नेमके हेरले : या जातीत बी उरलेलेच नाही. रोप वाढवायचे तर फांदीपासून किंवा मुळापासून, आणि अशी कोवळी रोपे दूरचा समुद्रप्रवास जगून काढणे कठीण. उत्तम अन्न स्वस्त असते, पण बहुधा जिथल्या तिथेच.

आता सागू. हे ताडकुळातील झाड दलदलीत वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. फुलण्याच्या बेतात असताना खोडात पिष्ट ठासून भरलेले असते. नेमके तेव्हाच ते तोडतात. खोडावरच्या सालीचा एक पट्टा काढतात आणि टोकाला धारदार गारगोटी बसवलेल्या दांडक्याने आतला गाभा ठेचून त्याचा भुसा करतात. झाडाच्याच पानाच्या बुडाशी असलेल्या पन्हळीसारख्या आवरणाचे हौद करून त्यांत हा भुसा धुतात, नारळाच्या पानबुडाच्या जाळीतून गाळतात आणि खाली बसलेल्या सत्त्वाचे सुमारे ३० पौंडी गठ्ठे सागूच्याच पानांत बांधतात. म्हणजे हौद, गाळणी, बांधणी सारे झाडांचेच. बाहेरून आणायची ती जवळजवळ एक गारगोटी.

हे तंत्र तेव्हाही जुनेच होते. मॅगेलनच्या मोहिमेतील आंतोनियो पिगाफेत्ता १५२१ साली तिदोरे बेटावर पोहोचला, तेव्हा झाडाच्या गाभ्यापासून केलेल्या भाकरीची नोंद त्यानेही घेतली होती.

वॉलेसचा हिशेब असा. चांगल्या झाडाचे ३० गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याच्या ६० वड्या, म्हणजे एकूण १,८०० वड्या. वजन ६०० पौंड. एका जेवणाला दोन वड्या म्हणजे पोटभर, दिवसाला पाच म्हणजे पूर्ण आहार. एक झाड, एक माणूस, एक वर्ष. दोन पुरुष पाच दिवसांत झाड निकालात काढतात. झाड विकत घ्यायचे तर साडेसात शिलिंग आणि मजुरी दिवसाला पाच पेनी. दहा दिवसांची मजुरी चार शिलिंग दोन पेनी होते. दोन्ही मिळून जवळजवळ बारा शिलिंग.

राहून गेलेली नोंद येथे आहे. दोन बायका आणखी पाच दिवस बसून सगळ्या वड्या भाजतात, हेही वॉलेसने लिहिले आहे. परंतु कच्चे सत्त्व टिकाऊ असल्याने लागेल तसे भाजता येते, असे म्हणून त्याने ते श्रम बेरजेत धरलेच नाहीत. पुरुषांचे दहा दिवस मोजले गेले, बायकांचे दहा दिवस घरकामात विरून गेले. ते धरले तर आकडा सोळा शिलिंगांकडे सरकतो. इतक्या काटेकोर निरीक्षकाच्या हातून हे व्हावे, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्या काळच्या अर्थशास्त्राची वहीच तशी आखलेली होती.

भाजण्याची रीत मात्र त्याने मनापासून वर्णिली आहे. मातीच्या छोट्या भट्टीला सहा-आठ उभ्या खाचा, खाली निखारे, खाचांत सागूचे पीठ. काही मिनिटांत वड्या तयार. गरम वडीवर लोणी लावावे, सोबत साखर आणि खोवलेले खोबरे घ्यावे, की वॉलेसच्या लेखी ते पक्वान्न. उन्हात वाळवलेल्या वड्या वर्षानुवर्षे टिकत, दगडासारख्या कठीण होत, आणि लहान मुले त्या चघळत हिंडत. वॉलेस त्या पाण्यात बुडवून पुन्हा भाजून घेई आणि रोजच्या कॉफीसोबत पावाऐवजी खाई.

येथे महाराष्ट्राचा एक धागा जुळतो. मलय भाषेतील ‘सागू’ हा शब्दच आपल्या ‘साबुदाण्या’त बसला आहे. खऱ्या सागूचे दाणे एकोणिसाव्या शतकात सिंगापूरच्या कारखान्यांत तयार होऊन देशोदेशी जात. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल अडला आणि तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून दाणे करण्याचा उद्योग उभा राहिला. आज एकादशीच्या खिचडीत असतो तो हाच कंद. सेरामच्या माणसाचे रोजचे जेवण नावापुरते आपल्या उपवासाला आले, झाड तिकडेच राहिले.

स्वस्ताईचे हे गणित मांडून वॉलेसने काढलेला निष्कर्ष मात्र अनपेक्षित आहे. त्याच्या मते अन्नाची ही स्वस्ताई लोकांना घातकच ठरते : सागूच्या प्रदेशातील लोक भात पिकवणाऱ्यांइतके सुस्थितीत नसतात, भाज्या आणि फळे लावत नाहीत, सागू आणि थोड्या मासळीवर दिवस काढतात. यातील एक भाग खरा आहे. सागू म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात प्रथिने नगण्य. निव्वळ सागूवर जगणाऱ्यांत त्वचारोग दिसतात, ही त्याची नोंद आहारशास्त्राचा उदय होण्यापूर्वीची आहे. दुसरा भाग मात्र त्याच्या काळाचा आहे. पोट लवकर भरले की माणूस आळशी होतो, हा वसाहतवाल्यांचा आवडता सिद्धांत होता. सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली ‘द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह’ या ग्रंथात त्याची चिरफाड केली. गंमत अशी की याच पुस्तकाच्या अखेरीस वॉलेस इंग्लंडमधील दारिद्र्यावर तुटून पडतो. एकाच माणसात दोन्ही मते सुखाने नांदत होती.

स्वतः त्याला मात्र कमी खाऊन काम करणे झेपत नसे. १८६० साली वायगेओ बेटाजवळच्या बेसिर गावी तांबड्या स्वर्गीय पक्ष्यासाठी तो आठ फूट चौरस झोपडीत राहिला. छप्पर इतके खाली की सहा फुटी वॉलेसला आत उभे राहता येत नसे. तेथे भाजी मिळेना, म्हणून भोपळ्याचे शेंडे आणि नेच्याचे कोंब उकडून खाल्ले. याउलट तर्नातेचे भाड्याचे घर : गार पाण्याची विहीर, पाच मिनिटांवर बाजार. तीन-चार महिन्यांच्या भटकंतीनंतर तेथे परतले की दूध, ताजा पाव, अंडी आणि मासे मिळत आणि खंगलेले शरीर पुन्हा उभे राही.

या सगळ्या चुलींमागे एक तरुण होता : अली. सारावाकमध्ये वॉलेसने त्याला प्रथम स्वयंपाकासाठी ठेवले. पुढे तो पक्षी टिपू लागला, सोलू लागला आणि वॉलेसचा प्रमुख सहायक झाला. १८५८ साली बाचान बेटावर वॉलेसच्या नावाने आज ओळखला जाणारा स्वर्गीय पक्षी प्रथम अलीनेच मारून आणला. १८६२ मध्ये निरोप घेताना वॉलेसने त्याला दोन बंदुका, दारूगोळा आणि उरलेले सामान देऊन टाकले. १९०७ साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ टॉमस बार्बर तर्नातेला गेला, तेव्हा एक वृद्ध मलय माणूस पुढे आला आणि त्याने स्वतःची ओळख करून दिली : अली वॉलेस.