परसातल्या कोंबड्या : ऊन आणि मानमोडी

आमच्या जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा खुराडं सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला. दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा आली की औषध नाही, लसच वाचवते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा.

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या शेजारच्या नवापुरातच आढळला. म्हणून आम्ही सांगतो, कोंबड्या पटापट मरू लागल्या तर उरलेल्या घाईनं जिबह करू नका, विकूही नका. मेलेली तर हलालच नाही. उघड्या हातानं शिवू नका. आधी दवाखान्याला कळवा.