ई-मेलची जावक : विश्वासापासून पुराव्यापर्यंत (१९८२ ते २०२४)

कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. ई-मेलच्या व्यवस्थेतही हा भेद आहे. बाहेर जाणारे टपाल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठविणे हे एकेकाळी विद्यापीठांच्या संगणक विभागाचे नित्याचे काम होते. आज ते अतिशय जिकिरीचे झाले आहे. हा बदल केवळ तांत्रिक नसून परस्परविश्वासाच्या स्वरूपातील बदल आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपीचा मसुदा (आरएफसी ८२१) प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाठविणारे यंत्र आपले नाव सांगते, प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता देते आणि मजकूर सुपूर्द करते. यांपैकी कशाचाही पुरावा मागितला जात नाही. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार. तत्कालीन नेटवर्क लहान व परिचितांचे असल्याने त्यात कोणाला वावगे वाटले नाही. उलट, दुसऱ्याचे टपाल पुढे ढकलणे, म्हणजेच ‘रिले’ करणे, हा शिष्टाचार होता. मुंबईत १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली, तीही याच सहकार्याच्या वातावरणात.

बर्कले येथील एरिक ऑलमन यांचे ‘सेंडमेल’ १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर आले. त्याची मांडणी-फाईल दुर्बोधतेसाठी कुप्रसिद्ध होती. परंतु त्या दुर्बोधतेला कारण होते. निरनिराळ्या नेटवर्कांतील पत्त्यांच्या पद्धती भिन्न असल्याने एकाचा पत्ता दुसऱ्याच्या रूपात लिहून घेण्याचे नियम त्यात द्यावे लागत. पत्र पोचवायचे कसे, हाच त्या काळच्या व्यवस्थापकापुढील प्रश्न होता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने सेंडमेलमधील उघड्या राहिलेल्या ‘डीबग’ सोयीचा वापर केला. हा पहिला मोठा धक्का. तरीही रिलेची दारे उघडीच राहिली. ती बंद केली व्यापाराने. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जाहिरातदार एखाद्या परक्या सर्व्हरला पत्राची एक प्रत व शेकडो पत्ते देऊ लागले. वाटपाचा भार, बँडविड्थचा खर्च आणि नंतरच्या तक्रारी मात्र त्या सर्व्हरच्या मालकाच्या वाट्याला येत. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने अशा पत्त्यांची काळी यादी सुरू झाली. मे १९९८ मधील सेंडमेल ८.९ ने रिले मुळातच बंद ठेवले. या बदलाला विरोधही झाला. जॉन गिलमोर यांनी तत्त्व म्हणून आपला सर्व्हर खुला ठेवला आणि २००१ मध्ये त्यांच्या सेवादात्याने, व्हेरिओने, त्यांचे बाहेर जाणारे टपाल अडविले. गिलमोर यांचा आग्रह आज भाबडा वाटेल. परंतु टपाल कोणाचे घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती जातो आहे, हा त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता.

पुढील टप्पा पुराव्यांचा. डिसेंबर १९९८ मध्ये ग्राहकांच्या टपालासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट सुचविले गेले, तर १९९९ मध्ये सर्व्हरला परवलीचा शब्द देण्याची रीत ठरली. डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात हे जाहीर करणारी एसपीएफ पद्धती २००६ मध्ये, पत्रावर सांकेतिक सही करणारी डीकेआयएम २००७ मध्ये आणि या दोहोंना दर्शनी प्रेषकाशी जोडणारी डीमार्क २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

परिणामी दोषशोधनाची जागाच बदलली. दोष आता सर्व्हरपेक्षा डीएनएसच्या नोंदींत अधिक सापडतो. एसपीएफच्या पडताळणीत दहापेक्षा अधिक पृच्छा झाल्या की ती निष्फळ ठरते. निवृत्त प्राध्यापकाचे टपाल त्यांच्या खासगी पत्त्यावर आपोआप वळविले, तर मूळ प्रेषकाचा एसपीएफ तेथे जुळत नाही. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद तर बहुधा संस्थेच्या हाती नसतेच; ती पत्ता पुरविणाऱ्याच्या ताब्यात असते.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी सर्वच प्रेषकांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही पद्धती बंधनकारक केल्या. केवळ या कंपन्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही, कारण स्पॅमचा उपद्रव खरा होता. तथापि, दिवसाला दोनशे पत्रे पाठविणाऱ्या महाविद्यालयालाही आता प्रथम स्वतःला सिद्ध करावे लागते. ५५० क्रमांकाचा नकार आला तर निदान शोधाला दिशा मिळते. अवघड प्रकरण २५० चे. हा स्वीकृतीचा क्रमांक. तो लॉगमध्ये नोंदला जातो, जावक पूर्ण होते आणि पत्र स्पॅमच्या कप्प्यात पडून राहते. पाठविणाऱ्याच्या दप्तरात त्याचा काहीही माग उरत नाही.