क्रम बदलला, जागा वाचली

शाळेतील एखादी यादी डोळ्यांसमोर आणू या. विद्यार्थ्याचे नाव आणि पुढे त्याचे गाव. यादी गाववार लावलेली असेल तर गावाचे नाव एकदाच लिहून खाली 'वरीलप्रमाणे'ची खूण करीत जाता येते. तीच यादी प्रवेशाच्या क्रमाने असेल तर गाव दर ओळीत लिहावे लागते. मात्र गाववार यादीतून प्रवेशाचा मूळ क्रम पुन्हा हवा असेल, तर प्रत्येक नावापुढे क्रमांक नोंदवावा लागेल आणि वाचवलेली जागा त्यातच खर्ची पडेल. संगणकातील माहितीच्या संक्षेपणात हीच अडचण होती. ती कशी सुटली, ते पाहू.

पहिली पायरी 1952 सालची. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत डेव्हिड हफमन विद्यार्थी असताना प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा दिली होती. त्या निबंधातून हफमन यांची पद्धत जन्मली: वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. तिचा शोधनिबंध 1952 मध्ये प्रसिद्ध झाला.

1977 मध्ये इस्रायलच्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी दुसरी वाट दाखवली. मजकुराचा एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उचल' एवढेच लिहायचे. आपली 'वरीलप्रमाणे'ची खूणच ही! पण संगणक किती मागे पाहणार? 1992 च्या 'जीझिप' या आज्ञावलीची नजर 32 किलोबाइट मागेपर्यंतच पोहोचते. सारखा तुकडा त्यापलीकडे असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे सारख्या गोष्टी जवळ आणणे आले, आणि त्याबरोबर मूळ क्रमाचा प्रश्नही आला.

त्याचे चकित करणारे उत्तर इंग्लंडच्या डेव्हिड व्हीलर यांना 1983 मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करताना सुचले. केंब्रिजच्या 'एडसॅक' या आद्य संगणकावर काम केलेले हे शास्त्रज्ञ. त्यांनी ही कल्पना अकरा वर्षे प्रसिद्धच केली नाही. अखेर 1994 मध्ये त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी मायकेल बरोज यांच्यासह ती डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संशोधन-अहवालात आली.

फळ्यावर 'खडबडगडबड' हा आठ अक्षरांचा मजकूर लिहा. पहिले अक्षर उचलून शेवटी न्या. असे करीत आठ ओळी तयार करा. त्या ओळी शब्दकोशाप्रमाणे ख, ग, ड, ब या क्रमाने लावा आणि प्रत्येक ओळीचे फक्त शेवटचे अक्षर वाचा. उत्तर येते: ड ड ब ब ग ख ड ड. मूळ मजकुरात एकही अक्षर लागोपाठ दोनदा नव्हते. आता तीन जोड्या झाल्या. कारण सोपे आहे. ओळीचे शेवटचे अक्षर हे मूळ मजकुरात तिच्या पहिल्या अक्षराच्या लगेच आधीचे असते. मोठ्या मराठी मजकुरात 'हाराष्ट्र'ने सुरू होणाऱ्या सर्व ओळी एकत्र येतील आणि त्यांच्या शेवटी 'म'ची रांग लागेल. अशी रांग थोडक्यात लिहिणे सोपे.

आता मूळ मजकूर परत कसा मिळवायचा? येथे आठ क्रमांक लागत नाहीत. 'मूळ मजकूर पहिल्या ओळीत आहे' एवढा एकच आकडा पुरतो. मिळालेली आठ अक्षरे उभी लिहा आणि शब्दकोशाप्रमाणे लावा. तो झाला कोष्टकाचा पहिला स्तंभ. त्याच्या डावीकडे ती आठ अक्षरे मिळालेल्या क्रमानेच पुन्हा लिहा आणि तयार झालेल्या जोड्या लावा: खड, गड, डख, डग, डब, डब, बड, बड. पुन्हा डावीकडे तीच अक्षरे, पुन्हा लावणे. आठव्या फेरीअखेर संपूर्ण कोष्टक उभे राहते आणि पहिली ओळ आपल्याला हवी तीच असते. ही पद्धत प्रथम वाचली तेव्हा आमचाही विश्वास बसला नव्हता. कागदावर करून पाहिल्यावरच बसला.

1996 मध्ये ज्युलियन सीवर्ड यांनी या पद्धतीवर 'बीझिप-2' ही आज्ञावली दिली. 2000 मध्ये इटलीच्या फेरागिना आणि मान्झिनी यांनी दाखवले, की अशा रूपांतरित मजकुरात शोधही वेगाने घेता येतो. मानवी जनुकसंचातील सुमारे तीन अब्ज अक्षरांत डीएनएचा लहानसा तुकडा कोठे बसतो, हे शोधणाऱ्या 2009 च्या 'बोटाय' आणि 'बीडब्ल्यूए' या आज्ञावल्या याच पायावर उभ्या आहेत. साठवणयंत्रणांसाठी 2014 मध्ये आणखी एक पद्धत मांडली गेली: माहितीचे सारखे दिसणारे मोठे ठोकळे शोधून आधी शेजारी आणायचे आणि मग नेहमीचे संक्षेपण करायचे. तेथे मूळ क्रमाची नोंद ठेवावीच लागते. पण ठोकळे मोठे आणि थोडे असल्याने ती परवडते.

वर्गात आठ मुलांच्या हाती एकेक अक्षर देऊन हा प्रयोग करता येईल. आधी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: 'अक्षरे अशी हलवल्यावर मूळ मजकूर परत मिळेल का?' बहुतेक जण 'नाही' म्हणतील. मग खडू त्यांच्याच हाती द्यावा.