बऱ्हाणपूरच्या विहिरी



आपल्या भंवरकुआंच्या नावातच विहीर आहे. येथून खंडवा रस्त्याने दक्षिणेला गेले की पुढे तापीकाठी, महाराष्ट्राच्या सीमेलगत, बऱ्हाणपूर लागते.

फारुकी सुलतान नासिर खानाने सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे नगर वसवले. 1601 मध्ये जवळचा असीरगड अकबराच्या हाती गेला आणि बऱ्हाणपूर मोगलांसाठी दख्खनचे दार बनले. 1631 मध्ये मुमताज महल येथेच वारली. बाजारात आजही मराठी, हिंदी, उर्दू कानी पडते.

पण या नगराची खरी ठेव जमिनीखाली आहे. 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी बोगद्याने शहरात आणले गेले. तोच कुंडी भंडारा. वाटेत शंभरच्या आसपास कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी. बोगद्याला हलका उतार आहे, म्हणून पाणी आपोआप वाहते. चारशे वर्षांनंतरही ते वाहते आहे. मात्र चुन्याचे थर साचून धार कमी होत चालली आहे.

उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात पलिष्ट्यांनी बुजवलेल्या अब्राहामाच्या विहिरी इसहाक पुन्हा खणतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेवतो. आपल्या वडीलधाऱ्यांनीही मराठी प्रार्थना, भजने आणि शास्त्रवाचनाची विहीर आपल्यासाठी खणून ठेवली. ती कोणा शत्रूने बुजवलेली नाही. रोजच्या धावपळीचा चुना तिच्यात थराथराने साचतो आहे. म्हणून या आठवड्यात घरोघरी, मुलांना जवळ बसवून, एक अध्याय मोठ्याने वाचूया. जिवंत पाणी देणारा प्रभू येशू आपल्याला बळ देवो. आमेन.